तीन चीक, चार वाट्या आणि एक फसलेला प्रयोग

रानजाई
मंडळी, मदत हवी आहे. लेक अकरावी सायन्सला आहे. जैविक रेणूंचा धडा झाला, प्रयोगवहीत लाळेचा प्रयोग (पिष्ट, म्हणजे स्टार्च, असेल तिथे आयोडीन निळं होतं; लाळेतलं विकर, म्हणजे एन्झाइम, पिष्ट तोडतं म्हणून तिथे निळं होत नाही) लिहूनही झाला, पण प्रत्यक्ष केलेला नाही. म्हणून घरी करायचं ठरलं. त्यात आमच्याकडे कुरडयांचा मोसम. सासूबाईंनी तीन दिवस गहू भिजवून, रोज पाणी बदलून, वाटून गाळून चीक, म्हणजे गव्हातलं पिष्टच, काढला होता. लेकीने त्यातला डावभर लांबवला, भरपूर पाण्यात शिजवून पातळ खळ केली आणि चार वाट्यांत ओतली.

पहिली नुसती. दुसरीत लाळ. तिसरीत उकळून घेतलेली लाळ. चौथीत लाळ आणि लिंबू, म्हणजे आम्लात विकर चालत नाही हे दाखवता येईल. दहा मिनिटांनी औषधाच्या डब्यातलं जखमेवर लावायचं तपकिरी आयोडीन (पोव्हिडोनवालं) पाण्यात पातळ करून थेंब-थेंब टाकलं.

पुस्तकाप्रमाणे दुसरी सोडून सगळ्या निळ्या व्हायला हव्यात ना? पहिल्या तीन नुसत्या पिवळट. चौथी पांढरी. निळं कुठेच नाही!

सासूबाईंचा प्रश्न: "म्हणजे माझ्या चिकात चीकच नाही, असं म्हणायचंय का तुम्हाला?" लवकर उत्तर द्या, घरातली शांतता धोक्यात आहे.

लॅबवाला
वाट्या किती गरम होत्या?

रानजाई
तोंडात ऊब असते म्हणून लेकीने वाट्या गरम पाण्याच्या परातीत ठेवल्या होत्या. खाली गॅस बारीक चालू. वाफा येत होत्या.

लॅबवाला
सापडलं. सासूबाईंना सांगा चीक अस्सल आहे. वाट्या धुतल्या नसतील तर ओट्यावर जाऊन बघा आणि इथे येऊन सांगा.

रानजाई
अहो!!! पहिल्या तीन गडद निळ्या झाल्यात! कोणी हातही लावलेला नाही. चौथी अजून पांढरीच. आता नीट समजावून सांगा, लेक शेजारीच बसली आहे.

लॅबवाला
सांगतो. पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची लांबलचक माळ. त्यातला अमायलोज नावाचा जो सरळ भाग असतो, तो पाण्यात जिन्यासारखा गोल-गोल वळतो. त्या वळणांच्या पोकळीत आयोडीनचे अणू रांगेने जाऊन बसतात आणि ही बसलेली रांग निळी दिसते. पण ते नुसते बसलेले असतात, चिकटलेले नसतात. खळ तापली की माळेची वळणं सैल होतात, आयोडीन बाहेर पडतं आणि निळा रंग जातो. गार झाली की परत जाऊन बसतं. तुमच्या ओट्यावर हेच झालं.

दूध-खव्यातली पिष्टाची भेसळ ओळखायची जी घरगुती चाचणी एफएसएसएआयने (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) दिली आहे, तिच्यात खवा-पनीर पाण्यात उकळून *गार करून* मग आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका असं म्हटलंय. ते 'गार करून' बहुतेक लोक वाचतच नाहीत. उकळत्या खव्यात थेंब टाकून "आमचा खवा शुद्ध" म्हणणारे मी स्वतः पाहिलेत.

चिंगी
पण मग दुसरी वाटी निळी का झाली? तिच्यात तर लाळ होती. गार झाल्यावर ती तरी पिवळी राहायला हवी होती.

लॅबवाला
अगदी बरोबर पकडलंस. त्या एका परातीने दोन चुका करवल्या. एक, रंग दिसू दिला नाही. दोन, लाळेतलं पिष्ट तोडणारं एन्झाइम, अमायलेज, कामाला लागायच्या आतच बिघडवलं. ते शरीराच्या उबेला, म्हणजे ३७ अंशांच्या आसपास छान चालतं. वाफाळत्या पाण्यात त्याचा निभाव लागत नाही. म्हणजे तुमची दुसरी वाटी आणि उकळलेल्या लाळेची तिसरी वाटी या खरं तर एकच वाटी दोनदा.

आणि यात एक मजा आहे. तापवल्यावर निळा रंग गेला, गार झाल्यावर परत आला. एन्झाइम मात्र गार झाल्यावर परत आलं नाही. ते प्रथिन आहे. लांब धाग्याची एक ठरावीक घडी पडलेली असते आणि त्या घडीतल्या खाचेत पिष्टाची माळ अडकवून तोडली जाते. उष्णतेने घडी विस्कटली की खाच गेली. उकडलेलं अंडं फ्रिजमध्ये ठेवून कच्चं होत नाही, तसंच.

सदाशिव_काका
लॅबवाल्यांनी छान सांगितले. आमच्या वेळी लाळेतल्या अमायलेजला टायलिन म्हणत. आजी घास बत्तीस वेळा चावायला लावायची. भात तसा चावला की खरंच गोड लागायचा. तो गोडवा माल्टोजचा, म्हणजे माळ तुटून उरलेल्या दोन-दोन मण्यांच्या जोड्यांचा.

दुसऱ्या वाटीत पिष्ट 'नाहीसे' झाले एवढेच दाखवू नका, साखर 'आली' हेही दाखवा. त्यासाठी बेनेडिक्टचे द्रावण. आमच्या वडिलांना मधुमेह होता. ग्लुकोमीटर घरोघरी नव्हते तेव्हा मी शाळेत जाण्यापूर्वी परीक्षानळीत पाच मिली निळे द्रावण घेऊन त्यात लघवीचे आठ थेंब टाकत असे व स्पिरिटच्या दिव्यावर उकळत असे. निळे राहिले तर आनंद. हिरवे, पिवळे, नारिंगी असे वर चढत विटकरी झाले की आई त्या दिवशी भात वाढत नसे. तो रंग तांब्याच्या ऑक्साइडचा. ध्यानात ठेवा, आपली नेहमीची साखर या चाचणीला दाद देत नाही. ग्लुकोज, फ्रुक्टोज, माल्टोज, दुधातले लॅक्टोज देतात. पुष्कळ मुले उसाची साखर घालून उकळतात व द्रावण खराब आहे म्हणून फेकून देतात.

रानजाई
काका, वाचताना तुमची ती परीक्षानळी डोळ्यासमोर आली. लेकीचा पुढचा प्रश्न: चौथी वाटी पांढरी का? तिच्या मते लिंबातही लाळेने काम केलं आणि पुस्तक चुकीचं आहे. 😀

गोंयकार
लिंबू! क जीवनसत्त्व आयोडीनचा रंग खातं. आयोडीनचं आयोडाइड होतं, आणि आयोडाइड पिष्टाला निळं करत नाही. नुसत्या पाण्यात आयोडीन टाकून वर लिंबू पिळा, पिष्ट नसतानाही तपकिरी रंग उडेल. फळांच्या रसातलं क जीवनसत्त्व मोजायची पद्धत याच्यावरच चालते: किती थेंब आयोडीन पचवून मग निळं होतं ते मोजायचं.

तेव्हा चौथ्या वाटीत पिष्ट होतं तसंच आहे. आम्लच हवं असेल तर लिंबाऐवजी साधं पांढरं व्हिनेगर घ्या.

चिंगी
मग आयोडीनयुक्त मीठ बटाट्यावर टाकल्यावर बटाटा निळा का होत नाही? (खूप दिवसांपासून विचारायचं होतं.)

गोंयकार
कारण मिठात सुटं आयोडीन नसतं, पोटॅशियम आयोडेट असतं, तेही किलोमागे मिलिग्रॅमच्या हिशोबात. सुटं असतं तर पुडी उघडल्यावर उडून गेलं असतं आणि तुझी बटाट्याची भाजी शाईच्या रंगाची झाली असती.

खानदेशी_ठेचा
धागा भारी चाललाय. मला त्या 'चीक' शब्दावर थांबायचंय. आमच्याकडे एकाच घरात तीन चीक असतात. गव्हाचा चीक कुरडयांचा, गरम गरम दूध-साखर घालून खायचा. गाय व्याली की तिचा चीक, खरवसाचा. आणि बांधावरच्या कच्च्या पपईचा चीक, हाताला लागला की खाज. शब्द एक. आतला माल तीन प्रकारचा. पहिला पिष्ट, दुसरा प्रथिन, तिसऱ्यात चक्क एन्झाइम. लेकीला सांगा, अख्खा धडा स्वयंपाकघरातच आहे.

पपईचं माझ्या घरचं सांगतो. वडिलांनी काही वर्षं चीक काढला. हिरव्या, पूर्ण वाढलेल्या पण न पिकलेल्या फळाला भल्या सकाळी उभ्या चिरा पाडायच्या, फार खोल नाही. टपटप पांढरा चीक गळतो, थोड्या वेळाने आपोआप गोठून थांबतो. काही दिवसांनी परत चिरा. चिरा पाडायला लोखंडी पातं चालायचं नाही, लोखंडाचा संबंध आला की चीक काळा पडतो आणि त्याचा जोर जातो. उन्हात तापत ठेवलेल्या मालाला व्यापारी भाव पाडून मागायचे. तेव्हा वाटायचं लुबाडतायत. कारण इथे लॅबवाल्यांनी सांगितलं तेच: ताप जास्त झाला की आतलं पपेन, म्हणजे चिकातलं एन्झाइम, जातं, उरतो नुसता पांढरा भुगा. ते विकत घेणारा चिकाचं वजन नाही, त्याचं काम विकत घेत होता.

आणि चिरा पडलेली तीच पपई? फेकत नाहीत. टुटी-फ्रुटीला जाते.

मटणप्रेमी
शेवटी कामाचा विषय आला. सुक्या मटणाला कच्च्या पपईचा गर किती वेळ लावायचा? मागच्या रविवारी रात्रभर ठेवला, सकाळी मटणाचा लगदा.

खानदेशी_ठेचा
किलोला चमचा-दोन चमचे, तास-दीड तास पुष्कळ. रात्रभर ठेवायचं असेल तर दही लावा, पपई नको.

गोंयकार
भर घालतो: पपेन इतर एन्झाइमांपेक्षा बरंच काटक. साठ-सत्तर अंशाला तर ते उलट जोरात चालतं. म्हणजे मटण पातेल्यात तापायला लागलं की खरं काम सुरू होतं आणि पार गरम झालं की थांबतं. 'बाहेर काही झालं नाही' म्हणून अजून पपई लावली की हमखास लगदा.

यावरून आमच्याकडचं. ताजं अननस आणि दूध एकत्र केलं आणि तासभर ठेवलं तर कडू होतं. अननसातलं ब्रोमेलेन दुधाच्या प्रथिनाचे तुकडे करतं आणि त्यातले काही तुकडे चवीला कडू. म्हणून अननस आधी साखरेत शिजवून घ्यायचं, मग बिनधास्त. जिलेटिनची जेली ताज्या अननसाबरोबर घट्टच होत नाही, कारण जिलेटिन प्रथिन आहे आणि अननस ते कातरून टाकतं. तेच चायना ग्रास वापरा, मस्त घट्ट होते. चायना ग्रास समुद्री शेवाळापासूनचं, कर्बोदक आहे. प्रथिन कापणाऱ्या कात्रीला ते कापताच येत नाही. लेकीला 'प्रत्येक विकराचं काम ठरलेलं' यावर उदाहरण हवं असेल तर हे लिही म्हणावं. डब्यातलं अननस घेतलं तर जिलेटिनही घट्ट होतं, ते डबाबंद करताना तापवलेलं असतं.

रानजाई
हे उद्याच करते. गोडही होईल. आणि गाईच्या चिकाचं काय? खरवस वाफेवर लगेच घट्ट लागतो, साधं दूध कितीही उकळलं तरी तसं घट्ट होत नाही, असं का?

लॅबवाला
साध्या दुधात प्रथिन सव्वातीन टक्क्यांच्या आसपास आणि त्यातलं बहुतेक केसीन. केसीनला उकळी सोसते, म्हणून दूध तापवता येतं. व्याल्यानंतरच्या पहिल्या चिकात प्रथिन चौदा टक्क्यांच्या घरात जातं आणि त्यात मोठा वाटा रोगप्रतिकारक प्रथिनांचा. ती तापली की घडी विस्कटून एकमेकांत अडकतात आणि खरवस लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या चिकात दूध जास्त मिसळता येत नाही, हे प्रत्येक गवळ्याला पाठ असतं. ते प्रथिन झपाट्याने उतरत असतं.

आणखी एक. त्या चिकात ट्रिप्सिनला (आतड्यात प्रथिन पचवणाऱ्या एन्झाइमला) अडवणारा एक रेणूही असतो. वासराला ती प्रतिकारक प्रथिनं न पचता, अख्खीच्या अख्खी आतड्यातून रक्तात जायला हवीत, तीही पहिल्या दिवसातच. म्हणून गाय त्याच चिकात पचन थोपवायची सोय करून देते. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी खरवस थोडा अपराधीपणानेच खाल्ला. (पण खाल्ला.)

प्रथिनाची चाचणी म्हणजे बाययुरेट: मोरचूद आणि कॉस्टिक सोडा, निळ्याचं जांभळं. ही घरी करू नका. कॉस्टिक डोळ्यात उडालं तर भारी पडेल. कॉलेजात चिमूटभर खरवस घेऊन जा. आणि मेदाला तर काहीच नको, भज्यांखालचा कागद उजेडात धरा.

पेंडवाला_लातूर
पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी सोयाबीन प्लँटवर गुणवत्ता बघतो. आमच्याकडे एन्झाइम हे मोजमाप आहे. कच्च्या सोयाबीनमध्येही ट्रिप्सिन अडवणारे रेणू असतात. कोंबड्यांना तशी पेंड घातली तर त्यांना प्रथिन पचत नाही. पेंड भाजून ते घालवावं लागतं. पण ते थेट मोजणं किचकट. म्हणून आम्ही युरिएज नावाचं दुसरं एन्झाइम बघतो. तेही सोयाबीनमध्येच असतं आणि जवळपास त्याच तापाला बिघडतं. पेंड युरियाच्या द्रावणात ठेवायची. युरिएज शिल्लक असेल तर युरियाचा अमोनिया होतो आणि सामू (पीएच) वर चढतो. ०.०५ ते ०.२ एवढा चढला की माल बरोबर. जास्त चढला तर पेंड कच्ची. अजिबात नाही चढला तर करपवली, तिचं प्रथिनही वाया.

हीच युक्ती घरी दुधासाठी. चमचाभर दुधात अर्धा चमचा सोयाबीनचं किंवा तुरीचं पीठ, पाच मिनिटं थांबा, मग लाल लिटमस अर्धा मिनिट बुडवा. निळा झाला तर युरिया. पीठ *कच्च्या* दाण्याचं हवं. एका नातेवाइकांनी भाजलेल्या तूरडाळीचं पीठ वापरलं आणि दूधवाल्याला शुद्धतेचं सर्टिफिकेट देऊन टाकलं.

लॅबवाला
सुंदर प्रतिसाद, लातूरकर. लिहीत राहा. एवढंच जोडतो की दुधात थोडा युरिया निसर्गतःच असतो, कायद्याने दशलक्षात ७०० भागांपर्यंत चालतो. लिटमस किंचित बदलला म्हणून गवळ्याच्या अंगावर धावून जाऊ नका. शंका आली तर नमुना प्रयोगशाळेत.

आमच्या डेअरीत उलटी तऱ्हा. दूध ७२ अंशाला पंधरा सेकंद खरंच तापलं का, हे जंतू वाढवून बघायचं तर दिवस जातात. त्याऐवजी फॉस्फटेज हे एन्झाइम बघतो. कच्च्या दुधात ते असतंच आणि क्षयाच्या जंतूपेक्षा जरा जास्त चिवट. चाचणीत पिवळा रंग आला म्हणजे फॉस्फटेज जिवंत, म्हणजे पाश्चरायझेशन फसलं किंवा कच्चं दूध मिसळलं गेलं.

सदाशिव_काका
'जिवंत' म्हणू नका हो. 😊 विकर जिवंत नसते. याच मुद्द्यावर एकोणिसाव्या शतकात मोठी भांडणे झाली. आंबवण्याला जिवंत यीस्ट लागतेच असे पाश्चर मानत. १८९७ मध्ये एडुआर्ड बुखनर यांनी यीस्ट वाळूबरोबर खलून, दाबून त्याचा रस काढला. एकही जिवंत पेशी नाही. त्यात साखर घातली तर ती आंबू लागली. १९०७ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना त्यासाठीच मिळाले.

आणि लातूरच्या मित्राने युरिएज काढलेच आहे तर सांगतो. एन्झाइम हे प्रथिन असते, हे पहिल्यांदा दाखवले गेले ते युरिएजवरच. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातील जेम्स समनर. डावखुरा माणूस, सतरा वर्षांचा असताना शिकारीतील अपघातात डावाच हात गेला. उजव्या हाताने सगळे नव्याने शिकला. आपल्या अबईच्या कुळातल्या घेवड्याच्या पिठापासून नऊ वर्षे खटपट करून १९२६ मध्ये त्याने युरिएजचे स्फटिक मिळवले. जर्मनीतील मोठमोठ्यांनी मानले नाही. १९४६ मध्ये नोबेल मिळाले तेव्हा वीस वर्षे उलटली होती.

लॅबवाला
काका, शिक्षा मान्य. 'शाबूत' म्हणतो.

साता_समुद्रापार
उशिरा आले. कुरडयांवरून आठवलं: एका वर्षी आईचा चीक शिजतच नव्हता, कितीही घाटला तरी पाण्यासारखा पातळ. सगळ्यांनी आईलाच बोल लावला. तेव्हा काढणीच्या वेळी अवकाळी पाऊस झाला होता आणि गहू भिजलेला होता. याचा संबंध असेल?

गोंयकार
शंभर टक्के आईचा दोष नाही. दाणा भिजला की त्याला वाटतं पेरलंय. कोंब डोळ्याला दिसायच्या आतच तो अमायलेज तयार करायला लागतो, कोंबाला खायला साखर हवी म्हणून. मग तीन दिवस भिजवलं, शिजायला ठेवलं की ऊब मिळताच ते अमायलेज चिकाचीच माळ तोडत सुटतं. जगभरातल्या पिठाच्या गिरण्यांत यासाठी चाचणी आहे: पिठाची खळ तापवून तिच्यात एक दांडी किती सेकंदांत खाली पडते ते मोजतात. चांगल्या गव्हात अडीचशे-तीनशे सेकंद, पावसात सापडलेल्यात शंभरच्याही खाली.

मोड आलेल्या नाचणीच्या पिठाची पेज पातळ होते ती याचमुळे, आणि तिथे तोच गुण आहे. लहान मुलाच्या घट्ट पेजेत असं चिमूटभर पीठ घातलं की पेज पातळ होते, म्हणजे पाणी न वाढवता बाळाच्या पोटात जास्त अन्न जातं. मोड आणलेली नाचणी फार खरपूस भाजायची मात्र नाही.

साता_समुद्रापार
आईला आत्ताच फोन करून सांगितलं. एवढ्या वर्षांनी. "मी तेव्हाच म्हटलं होतं गहूच खराब आहे" असं म्हणाली आणि मग दहा मिनिटं आत्याबद्दल बोलत होती.

रानजाई
अपडेट! प्रयोग परत केला. खळ पूर्ण गार. परात कोमट, हाताला सोसेल अशी, गॅस बंद. लॅबवाल्यांनी विपूत (विचारपुशीत) सांगितलं म्हणून खळीत चिमूटभर मीठ (लाळेच्या अमायलेजला क्लोराइड लागतं म्हणे). वाटीत आयोडीन टाकायचंच नाही. पांढऱ्या बशीवर आयोडीनचे थेंब ओळीने मांडले आणि दर मिनिटाला वाटीतला एक थेंब त्यावर सोडला. निळा, निळा, मग जांभळट, मग तांबूस आणि शेवटी नुसता आयोडीनचा पिवळा. बशीवर उतरता रंग इतका देखणा दिसत होता की लेकीने फोटो कॉलेजच्या ग्रुपवर टाकलाय. उकळलेल्या लाळेची वाटी शेवटपर्यंत निळी. व्हिनेगरवालीही निळी.

लेकीच्या लाळेला अकरा मिनिटं लागली. तिच्या बाबांच्या लाळेला सहा. आता दोघांत वाद सुरू आहे.

लॅबवाला
वाद मिटणार नाही. लाळेत अमायलेज किती, हे माणसागणिक बदलतं. त्याच्या जनुकाच्या प्रती कोणात कमी, कोणात बऱ्याच जास्त असतात. पिष्ट भरपूर खाणाऱ्या समाजांत सरासरीने जास्त आढळतात, असं २००७ मध्ये दिसून आलं. पण एकेका वाटीवरून बाबांना जिंकवू नका. लाळ किती टाकली, आधी काय खाल्लं, सगळ्याने फरक पडतो. दोघांची लाळ मोजून, सारखीच पातळ करून तीन-तीनदा करा.

रानजाई
तीन-तीनदा म्हणजे अजून चीक लागणार. सासूबाईंनी पातेल्यावर झाकण ठेवून वर पाटा ठेवलाय.